रेणू मागे राहिली

फ्रिस्को, टेक्सस
१८ ऑगस्ट २००७

प्रिय रेणू,

सप्रेम जय भीम.

शुभामावशीवर रागावू नकोस. तुझा पत्ता तिने आपणहून दिला नाही, मी तो काढून घेतला. तीन महिने दर रविवारी नागपूरला फोन करून तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ती म्हणाली की तू शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहतेस, आणि घर नंबर सांगितला. ईमेलला तू उत्तर देत नाहीस म्हणून हे पत्र. सहावीपर्यंत नागपूरला शिकलीस, तेव्हा मराठी वाचता येत नाही ही सबब चालणार नाही.

लिहिण्याचं कारण म्हणजे आम्ही दोघं आफ्रिकेला चाललो आहोत. पाच सप्टेंबरला निघतो. क्रूगर नॅशनल पार्क. तुला आठवत असेल, आपण इथे आलो त्याच वर्षी बाबांनी लायब्ररीतून त्याचं पुस्तक आणलं होतं आणि पुढे नकाशाही मागवला. तो अजून गॅरेजच्या भिंतीवर आहे. गाइड नको, टूरची जीप नको, आपली गाडी आपण चालवायची आणि वाटेल तिथे थांबायचं, असं ते म्हणायचे. दरवर्षी काही ना काही निघालं आणि राहून गेलं.

बाबा मार्चमध्ये रिटायर झाले. दोन वर्षं आधीच झाले, पण ऑफिसने छान केक वगैरे केला. आता घरीच असतात. गाडी हल्ली मीच चालवते, त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी आहे. तिकडेही मीच चालवणार. पन्नाशीत लायसन्स काढलेली बाई आफ्रिकेत गाडी चालवणार म्हणून प्रतिमाकाकू हसत होती.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी जे केलं ते तू विसरावंस असं मी म्हणणार नाही. तेवढा अधिकार मला नाही. पण आम्ही आता म्हातारे होत आहोत, हे तुला कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिलं.

तब्येतीला जप.

तुझी,
आई


लोअर साबी कॅम्प, क्रूगर
८ सप्टेंबर २००७

प्रिय रेणू,

नदीकाठी छोट्या खोलीत उतरलो आहोत. समोर पाण्यात पाणघोडे आहेत. दिवसभर नुसते पडून असतात आणि मध्येच म्हशीसारखे फुरफुरतात.

जोहान्सबर्गहून लहान विमानाने नेल्स्प्रूटला आलो आणि तिथे गाडी घेतली. काउंटरवरच्या मुलीने लायसन्स मागितलं तर बाबांनी मोठ्या रुबाबात फ्रिस्कोच्या लायब्ररीचं कार्ड पुढे केलं. प्रवासाची दगदग. मी माझं लायसन्स दिलं आणि कागदावर सही केली.

इथे नागपूरसारखं डावीकडून चालवायचं. स्टिअरिंग उजवीकडे. वळायचं म्हणून इंडिकेटरला हात घालावा तर वायपर सुरू होतात. पहिल्या तासात मी इतक्या वेळा कोरडी काच पुसली की मागच्या ट्रकवाल्याने वैतागून हॉर्न दिला. बाबा शांत होते. "नंदा, तू मस्त चालवतेस," असं दोनदा म्हणाले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक पहिल्यांदा ऐकलं.

पार्कच्या गेटवर नियमांचा कागद देतात. वेग पन्नासच्या आत. संध्याकाळी सहाला कॅम्पचं फाटक बंद, त्याआधी आत यायचं. आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. हे तीन ठिकाणी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

जनावरं बाबांना सगळी पाठ आहेत. मला हरणं सगळी सारखीच वाटतात. ते सांगतात, ही इम्पाला, हा कुडू, शिंगं बघ कशी पिळलेली. एकदाही चुकत नाहीत. जिराफ रस्त्यात येऊन उभा राहिला तेव्हा आम्ही वीस मिनिटं थांबलो. बाबांनी माझा हात धरला होता. इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

उद्या इथून उत्तरेला सतारा कॅम्पला जायचं. तिकडे सिंह जास्त आहेत म्हणतात.

आई


सतारा कॅम्प
१० सप्टेंबर २००७

प्रिय रेणू,

आज सिंह दिसले. पाच होते, चार माद्या आणि एक नर. झाडाखाली सावलीला पडले होते, रस्त्यापासून आपल्या हॉलच्या लांबीइतके दूर. नंतर हत्तींचा कळपही दिसला.

बाबा आता मागच्या सीटवर बसतात. तिथून त्यांना दोन्हीकडचं दिसतं.

अक्षर वेडंवाकडं येतंय, दिवसभर स्टिअरिंग धरून हात भरून आलेत. जास्त लिहीत नाही.

आई


फ्रिस्को
३० सप्टेंबर २००७

प्रिय रेणू,

परत येऊन दोन आठवडे झाले. हे पत्र मी चार वेळा लिहायला बसले. आधीच्या तीन पत्रांत मी तुझ्यापासून बऱ्याच गोष्टी लपवल्या. आज सगळं लिहिते. वाचून मग तुला माझ्याशी काय वागायचं ते वाग.

पहिली गोष्ट. बाबांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. त्यांना विसरायला होतं. किल्ल्या कुठे ठेवल्या तसलं विसरणं नव्हे. गेल्या वर्षी ऑफिसातून घरी येताना ते रस्ता चुकले आणि ओक्लाहोमाच्या हद्दीपर्यंत गेले. कामात चुका व्हायला लागल्या म्हणून ऑफिसने त्यांना आधी जायला सांगितलं. डॉक्टरांनी नाव सांगितलंय आजाराचं, ते तुला माहीत असेल असं आहे. डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर लवकर जाऊन या. म्हणून आम्ही गेलो.

दुसरी गोष्ट दहा तारखेची. सिंह दिसले ते खरं. सकाळचे साडेदहा झाले असतील, कच्चा रस्ता होता, आणि आमच्याशिवाय तिथे दुसरी गाडी नव्हती. सिंह बघून आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर पुढे गेलो असू, तर हत्ती रस्ता ओलांडायला लागले. मी गाडी थांबवली. पिल्लं होती म्हणून मी पुढेच बघत होते. दाराचा आवाज आला. वळून बघते तर शेजारची सीट रिकामी. बाबा खाली उतरून मागे चालायला लागले होते. ज्या बाजूला सिंह होते, त्याच बाजूला. हात पाठीमागे धरून, जसे ते इथे संध्याकाळी फिरायला जातात तसे.

मी काच खाली करून हाका मारल्या. मोठ्याने ओरडायची भीती वाटली, पुढे हत्ती होते. ते थांबले नाहीत. मला रिव्हर्स नीट जमत नाही हे तुला ठाऊक आहे, मॉलच्या पार्किंगमध्येसुद्धा तूच घ्यायचीस. तशी मी गाडी मागे घेत गेले, नागमोडी, एक चाक गवतात. तोंडाने त्रिसरण चाललं होतं आणि मला ते कळतही नव्हतं. त्यांच्या बरोबरीला आले आणि आतून दार उघडलं.

"अहो, बसा आत. लवकर बसा."

ते वाकून आत बघायला लागले. चेहऱ्यावर भीती वगैरे काही नाही, नुसती काळजी.

"रेणू मागे राहिली," ते म्हणाले. "मागच्या सीटवर नाही ना ती. तिला घेऊन येतो."

"रेणू इथे नाही. तुम्ही बसा."

"लहान आहे ती, नंदा. असं टाकून जाता येत नाही."

आणि ते पुन्हा चालायला लागले. मी पुन्हा गाडी मागे घेतली. ते झाड आता मला दिसत होतं. त्याच्याखाली चारच जनावरं होती. पाचवं कुठे गेलं ते दिसत नव्हतं. मी नियम मोडून उतरले. त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "रेणू पुढे कॅम्पवर गेली. आपली वाट बघतेय. उशीर झाला तर घाबरेल."

तेव्हा ते बसले.

थोडं पुढे गेल्यावर पार्कची गाडी भेटली. रेंजर बाई होती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही आम्हाला पार्कबाहेर काढणार. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. म्हणाली, "मामा, माझ्या वडिलांचंही असंच होतं." तिने मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावून दिलं, बाबांना मागे बसवलं आणि कॅम्पपर्यंत आमच्या पुढे गाडी चालवली. म्हणून बाबा मागच्या सीटवर बसत होते. दोन्हीकडचं दिसावं म्हणून नव्हे.

कॅम्पवर पोचलो. ते उतरले आणि इकडे तिकडे बघायला लागले. "कुठे आहे?"

मला आणखी खोटं बोलवेना. त्यांना बाकावर बसवून म्हणाले, "रेणू इथे नाही. ती मोठी झाली. शिकागोला असते."

"काहून नाही आली?"

"मी बोलावलं नाही."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चिडली आहे का?"

"हो."

"कोणावर?"

रेणू, तिथे मी थांबले. तुमच्यावर, असं म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी विचारून बघितलं आहे. तुझं लग्न झालं होतं हेही कधी आठवतं, कधी नाही. म्हणजे त्या दिवशी खरं काय झालं हे माहीत असणारी या घरात मी एकटी उरले आहे.

"माझ्यावर," मी म्हणाले.

"मग सॉरी म्हणून टाक ना," ते म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले.

तर तिसरी गोष्ट.

ऑक्टोबर २००४ मध्ये तू बॅग घेऊन आलीस तो शुक्रवार होता. तू मनगट दाखवलंस. सुशांतने गाडीची किल्ली काढून घेताना पिरगाळलं होतं. आणि त्याआधीच्या दोन वेळांचं सांगितलंस. बाबा उठून अंगणात गेले आणि कुंपणाजवळ उभे राहिले. मी तुला जेवायला वाढलं.

शनिवारी तू आंघोळीला गेलीस आणि बाबा ग्रोसरीला गेले, तेव्हा मी सुशांतला फोन केला. मी. बाबांनी नाही. मी त्याला म्हणाले, ती इथे आहे, येऊन समजूत काढ, घेऊन जा. त्याने फोनवर सॉरी म्हटलं आणि मला ते पुरेसं वाटलं.

का केलं ते तुला सांगायलाच हवं. ते लग्न मी जुळवलं होतं. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा. इथल्या आपल्या लोकांत मी मिरवलं होतं. दरवर्षी जयंतीला हॉलमध्ये उभी राहून मी हिंदू कोड बिलावर बोलते. बाबासाहेबांनी बाईला नवऱ्याचं घर सोडायचा हक्क मिळावा म्हणून मंत्रिपद सोडलं, हे मी टाळ्या घेत सांगते. आणि माझी मुलगी तेच करून दारात आली तेव्हा मला आधी काही सुचलं असेल तर ते हेच, लोकांना काय सांगू.

रविवारी दुपारी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं, तर सुशांत. तू जिन्यावर उभी होतीस. तू विचारलंस, "बाबा, तुम्ही बोलावलं याला?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांना कळलं. आणि ते म्हणाले, "हो."

तू तुझ्या मैत्रिणीला, लताला, फोन करून गॅरेजमधून निघून गेलीस. तुला एक गोष्ट दिसली नाही. तू जाईपर्यंत बाबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते आणि त्यांनी सुशांतला आत पाऊल टाकू दिलं नाही. ज्याला बोलावलं त्याला कोणी असं अडवतं का?

तो गेल्यावर मी रडत विचारलं, तुम्ही हो का म्हणालात. ते म्हणाले, "तिला आई तरी राहू दे."

त्यानंतर आम्ही कधी त्यावर बोललो नाही. त्यांनी तुझ्यासाठी आई राखून ठेवली आणि मी तीन वर्षं तुला तोंड दाखवलं नाही. लाजेने. त्यांचा राग अजून गेला नाही असं लोकांना सांगत राहिले. राग त्यांना कधी नव्हताच.

आधीच्या पत्रात 'बाबांनी जे केलं' असं लिहिलं ते खोटं होतं. मी केलं. रेणू, माझं चुकलं. तुझा हात बघूनही मी तो फोन केला. मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते मागणंही तुझ्यावर ओझं होईल. चुकलं एवढंच लिहिते.

आई


फ्रिस्को
२ डिसेंबर २००७

प्रिय रेणू,

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी फोन वाजला आणि बाबांनी उचलला. ते इतक्या सहज बोलत होते की मला वाटलं अरुणकाका असतील. मग ते म्हणाले, "हत्तीची पिल्लं किती होती सांगू?" आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की तू आहेस.

पंचवीस मिनिटं बोललात. ठेवताना तू काहीतरी विचारलं असशील, कारण ते म्हणाले, "आहे ना, इथेच उभी आहे." मग थोडं ऐकून त्यांनी फोन ठेवला. मला काही विचारावंसं वाटलं नाही.

त्यानंतर दोन्ही रविवारी तुझा फोन आला. मी आता एवढंच करते, अकराच्या आधी त्यांना दाढी करायला लावते आणि फोनजवळ बसवते. बेल वाजली की मी मागच्या अंगणात जाते, म्हणजे तुम्हाला मोकळं बोलता येईल. तू माझ्याशी बोलत नाहीस ते बरोबर आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

एक सांगायचं आहे. तुझा फोन झाला हे ते तासाभरात विसरतात. पण दुपारभर शीळ घालत असतात. का ते त्यांना सांगता येत नाही.

आई


फ्रिस्को
३० मार्च २००८

प्रिय रेणू,

तू चार दिवस राहून गेलीस. घर पुन्हा गप्प झालं आहे. बोलताना जे जमलं नाही ते लिहून ठेवते.

जानेवारीत एका रविवारी तू बाबांना म्हणालीस, "आईला द्या." मी अंगणातून धावत आले. तू विचारलंस, "आई, ते गोळ्या कधी घेतात? त्यांना सांगता येत नाही." मी वेळा सांगितल्या. तू लिहून घेतल्यास, डोस विचारलास आणि फोन ठेवलास. दीड मिनिट झालं असेल. पुढच्या रविवारी तीन मिनिटं. आपण दोघी फक्त त्यांच्याबद्दलच बोललो, झोप, जेवण, पडले का, चिडले का. तरी मी त्या फोनची आठवडाभर वाट बघायची.

तू येणार म्हणून कळवलंस तेव्हा मला एकच भीती होती. ते तुला ओळखणार नाहीत. विमानतळावर तू समोर आलीस, ते बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आमच्या रेणूसारख्या दिसता." तू रडली नाहीस. म्हणालीस, "हो बाबा, सगळे म्हणतात," आणि त्यांचा हात धरलास. मला ते जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना त्यांनी तुला नावाने हाक मारली आणि शाळा नाही का विचारलं. तू "सुट्टी आहे" म्हणालीस आणि दोघांनी मिळून नकाशावर क्रूगरचे रस्ते बघितले. त्या वेळी मी किचनमध्ये उभी होते आणि माझ्या हातून दूध उतू गेलं.

शेवटच्या संध्याकाळी बाबा झोपल्यावर तू भांडी पुसत होतीस. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "बाबा 'हो' म्हणाले तेव्हा तू खाली बघितलंस. मी जिन्यावरून बघितलं होतं, आई. तेव्हा मला वाटलं, तुला लाज वाटते त्यांची. ते मी नाही विसरू शकत. आय ट्राइड."

मी "बरं" म्हणाले.

"मी येईन," तू म्हणालीस, "पण बाबांसाठी. तुझ्यासाठी येते असं अजून म्हणता येत नाही मला."

तेव्हा न सुचलेलं आता लिहिते. विसरू नकोस. या घरात एकाला सगळं विसरावं लागतंय, तेवढं पुरे आहे. तू आणि मी लक्षात ठेवू. मला तुझ्याकडून विसरणं नको आहे. तू जे बघितलंस ते तसंच होतं.

बाबांसाठी ये. जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा ये. मी घरात असेन, भाजी चिरेन, तुला आणायला विमानतळावर येईन. बाकी तू ठरव.

यंदा जयंतीचं भाषण प्रतिमाकाकू करणार आहे. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर तिला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाबांजवळ बसायला आली आणि मला दोन तास बाहेर जाऊ दिलं.

डॉक्टरांकडे सोळा एप्रिलला सकाळी दहाची वेळ आहे. नवीन तपासणीचे निकाल ते तेव्हा सांगणार. मागच्या वेळी मी एकटीच ऐकलं, आणि बाहेर येऊन गाडी कुठे लावली ते मला सापडेना. अर्धा तास आम्ही दोघं पार्किंगमध्ये फिरत होतो. बाबा मला धीर देत होते.

बुधवार आहे, तुला कामावरून सुट्टी काढावी लागेल. जमलं तर ये. आत तिघांना बसायला जागा आहे, मी विचारून ठेवलं आहे.

आई